मागच्या चाकातला ठोका

गाडीच्या मागच्या उजव्या चाकापाशी आठ दिवसांपासून ठक् ठक् वाजत होतं, आणि आठ दिवसांपासून लायब्ररीत काम करणाऱ्या जावयाच्या जिवाला घोर लागला होता. बायकोचे दिवस भरत आले होते. दवाखाना तासाभराच्या अंतरावर, वाटेत खड्डेच खड्डे. ऐन वेळी चाकाने दगा दिला तर? गॅरेजवाल्याने चार दिवसांनी या म्हणून सांगितलं. तेवढा धीर त्याच्यात उरला नव्हता.

सासरे त्यांच्याकडेच राहत. उभा जन्म गाड्यांखाली काढलेला मेकॅनिक, पण आता हात इतके थरथरत की चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागे. रविवारी सकाळी ते मागच्या सीटवर आडवे झाले, सीटला कान लावला आणि जावयाला गल्लीतून गाडी हळूहळू चालवायला सांगितलं. दोन फेऱ्यांत दुखणं सापडलं. शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या टोकाचं रबरी बुश पार झिजलं होतं आणि लोखंडावर लोखंड आपटत होतं. नवं बुश कोपऱ्यावरच्या दुकानात मिळालं. बसवायचं मात्र जावयाने, आणि त्याने आजवर पुस्तकांच्या फाटक्या पानांखेरीज काही दुरुस्त केलं नव्हतं.

अंगणात गाडी जॅकवर चढली. सासऱ्यांनी पुढच्या चाकांना विटा लावायला लावल्या, काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली सरकवायला लावलं. जॅक निसटला तर माणूस तरी वाचतो, असं ते सहज बोलून गेले. बोल्ट गंजून बसला होता. तेल सोडून, पान्याला पाईप जोडून त्याने सगळा भार टाकला तेव्हा तो एकदाचा कुरकुरत फिरला. जुनं बुश बाहेर आलं ते कुणीतरी चघळून टाकल्यासारखं.

साबणाच्या पाण्याने ओलं केलेलं नवं बुश तो आत दाबत होता, तेवढ्यात बायको दारात आली. एक हात चौकटीवर, एक पोटावर. तिच्या अंगावरून पाणी गेलं होतं.

जावई ताडकन उठला तो डोकं मडगार्डवर आपटूनच. ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर ती दुसरीकडे गेलेली, यायला दीड तास. शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप. कसंबसं चाक चढवू आणि निघू, असं तो म्हणत होता.

सासरे जागचे हलले नाहीत. "जावईबापू, पहिलटकरीण आहे, अर्धा तास आहे आपल्याजवळ. अर्धवट बोल्टवर माझी लेक न्यायची नाही."

पण आता जावयाचेही हात थरथरायला लागले. नट दोनदा मातीत पडला. सासरे जमिनीवर बसले आणि भोकं समोरासमोर येईपर्यंत त्यांनी शॉकॲब्सॉर्बर टाचेने रेटून धरला. बोल्ट आत गेला. चाक चढलं, जॅक उतरला. जावई किल्लीकडे धावला, तशी सासऱ्यांनी नुसतं बोट दाखवलं. गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच बोल्ट शेवटचा आवळायचा, नाहीतर नवं बुश पिळवटून फाटतं, हे त्यांनी सकाळीच बजावलं होतं. तो परत उताणा झोपून खाली सरकला. आत बायको कण्हत होती आणि तो दात आवळून पाना ओढत होता.

वाटेत प्रत्येक खड्ड्याला तो मान वळवून मागच्या चाकाचा कानोसा घ्यायचा. कानांवर त्याचा विश्वासच उरला नव्हता.

"बाबा, वाजतंय का?"

"वाजत नाही. पुढे बघा."

मागून बायको म्हणाली, "अहो, गाडीचं पुरे. माझ्याकडे लक्ष द्या."

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं आणि बायकोला आत नेलं. दुपारी तीनच्या सुमाराला मुलगी झाली; दोघी सुखरूप. नर्सने त्याचे काळेकुट्ट हात पाहून त्याला दोनदा धुवायला पिटाळलं, मगच बाळ दिलं. त्याने हळूच एकेक बोट मोजलं. मग सासऱ्यांना सांगायला तो बाहेर आला, तर ते बाकावर बसल्या बसल्या गाढ झोपले होते.