एक पाऊल डांबर नाही

शुक्रवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी धम्मरत्नची सायकल तुरीपुढे थांबली. मोबाइल म्हणत होता, सरळ जा. सरळ डोक्याएवढी तूर उभी होती, शेंगांनी भरलेली, आणि तिची तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, एकमेकांत गुंतली होती. तिच्यात सायकल तर सोडाच, शेळीसुद्धा वाकडी होऊनच शिरली असती.

धम्मरत्न मंगरूळपीरच्या भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होता. जमीन मोजणं हे त्याचं पोटापाण्याचं काम आणि सायकल हे व्यसन. ही सायकल ग्रॅव्हलची होती, म्हणजे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकलेलं, पण टायर जाड, मुरमावर आणि कच्च्या वाटेवर चालणारे. तिला स्टँड नव्हता, मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हतं. उरलेले भाग हा कधी बसवतो, याची कॉलनीतले लोक दोन वर्षं वाट पाहत होते.

रविवारी वाशीम आणि अकोल्याहून अकरा सायकलवाले येणार होते. बेचाळीस किलोमीटरचा फेरा धम्मरत्नने गावनकाशे पुढ्यात घेऊन आखला होता. थोडा कालव्याच्या काठानं आणि बाकीचा पांदणींनी, म्हणजे शेताशेतांमधून बैलगाडीसाठी सोडलेल्या जुन्या वाटांनी. ग्रुपवर त्यानं लिहिलं होतं, 'एक पाऊल डांबर नाही, एक मोटार नाही.' खरं तर हे वाक्य त्यानं मिरवायला लिहिलं होतं. पण ते वाचून वैजयंती मॅडमचा फोन आला. मॅडम वाशीमला शाळेत गणित शिकवायच्या. दीड वर्षापूर्वी हायवेच्या कडेला एका टिप्परनं त्यांना उडवलं होतं. ऑपरेशन करून मांडीत सळई बसवली, हाड जुळलं, पण सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. त्यांनी एवढंच विचारलं, की नक्की एक पाऊल नाही ना? धम्मरत्नने शब्द दिला. मॅडमनी सायकल बाहेर काढून सर्व्हिसिंगला टाकली.

आता ही चारशे मीटर पांदण नसेल तर दुसरी वाट एकच होती, सहा किलोमीटर हायवेनं.

चूक कुठं झाली हे त्याला तिथल्या तिथं कळलं. बाकीचे एक्केचाळीस किलोमीटर सहाशे मीटर त्यानं तीन रविवार खर्चून स्वतः तपासले होते. हे चारशे मीटर सोडले, कारण ते घरचे होते. आसेगावच्या शिवारात त्याचे सासरे देवमन यांच्या शेताला लागूनच ही पांदण होती. त्याच्या बायकोनं, रूपानं, दोनदा सांगितलं होतं की एकदा पाहून या. तो म्हणाला, आपलंच तर शेत आहे. पण हे आपलं शेत त्यानं बारा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. सासुरवाडीत जावयाला शेतात कोण जाऊ देतं? त्याला बाजेवर बसवतात, बाजेवर गादी, गादीवर चादर, आणि तो उठायला लागला की चहा येतो. तालुक्यातल्या अर्ध्याअधिक धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, मोजणीची फीत टाकलेला माणूस सासऱ्याच्या धुऱ्यावर आज पहिल्यांदा उभा होता, आणि तोही अर्ध्या चड्डीत.

देवमन पलीकडून आले. त्यांना आधी हेल्मेट दिसलं, मग गुडघे दिसले, आणि गुडघ्यांवरून नजर काढून घेतल्यावर जावई ओळखू आला.

"जयभीम, जवाईबापू. घरी काहून नाही आले?"

धम्मरत्नने पांदण कुठं आहे ते विचारलं.

"हेच."

"हे तूर हाय, मामाजी."

"तुरीखाली हाय," देवमन म्हणाले.

पांदणीच्या त्या अंगाला जगदेवचं शेत होतं. पंधरा वर्षांपूर्वी कोणी तरी एक तास आत सरकवलं. कोणी, यावर दोघांची दोन मतं होती. मग दर पेरणीला इकडून एक, तिकडून एक, असं करत दोन्हीकडची तूर एकमेकींना भेटली. मध्ये गुडघ्याएवढ्या दगडांची एक ओळ उरली. गावात म्हणत, या दोघांचं कशावर जमत नाही, पण पांदण मात्र सख्ख्या भावासारखी वाटून खाल्ली.

जगदेवनं लांबून धम्मरत्नच्या हातात फोन आणि गावनकाशा पाहिला आणि मोजणी आली असं ठरवून टाकलं. दहा मिनिटांत पंधरा माणसं जमली. जगदेवचं म्हणणं, देवमननं जावई मुद्दाम बोलावला. देवमनला वाटायला लागलं, जावयानंच आपल्यावर छापा घातला. धम्मरत्नने हात जोडून सांगितलं की मोजणी नाही, रविवारी सायकली जायच्या आहेत, बस. मोटार येत नाही अशा वाटेनं फिरायला अकोल्याहून माणसं येणार आहेत, गाडीच्या टपावर सायकली बांधून.

म्हातारे रामकिसन काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते. "म्हंजे गाडीवर सायकल आनते, अन् गाडी नाही थ्या जागी चालवते," ते म्हणाले. "मंग गाडी आनतेच कायले?"

कोणालाच खरं वाटलं नाही. मग त्यानं वैजयंती मॅडमचं सांगितलं, टिप्पर, सळई, जिन्याखालची सायकल, सगळं. मांडीत सळई असलेली मास्तरीण थट्टेत बसत नव्हती. तिच्यासाठी फक्त दोन फूट हवेत, तो म्हणाला. मोजणीची साखळी घेऊन आख्ख्या पांदणी मोकळ्या करणारा माणूस दोन फूट मागतो आहे हे पाहून मागं कोणी तरी हसलं.

देवमननं गळा साफ केला. पंधरा माणसांच्या तोंडावर त्यांना मोठेपणाची वाट सापडली होती. जावयाला नाही म्हणता येत नाही, ते म्हणाले. आपल्या शेतातून दोन फूट आपण जावयाला दिले. पांदणीचं काही नाही, ही सासऱ्याची खुशी.

इथं धम्मरत्नला फक्त मान हलवायची होती. मान हलवली की रविवार वाचत होता, मॅडमला दिलेला शब्द वाचत होता, आणि सासुरवाडीची गादी होती तशी राहत होती. पण बारा वर्षं तो लोकांच्या बांधावर उभा राहून एकच काम करत आला होता. जे ज्याचं नाही ते त्याचं आहे, याला त्यानं एकदा सासऱ्यासाठी मान हलवली असती, तर सोमवारी दुसऱ्याच्या धुऱ्यावर तो कोणत्या तोंडानं फीत धरणार होता?

"मामाजी," तो म्हणाला, "हे मले देऊ नका. हे तुमचं नाही."

जगदेव मोठ्यानं हसला. त्याचं हसणं संपेपर्यंत धम्मरत्न थांबला.

"आन् तुमचंही नाही, जगदेवभाऊ."

देवमन तुरीकडे पाहत राहिले. रविवार गेला हे धम्मरत्नला कळलं. मॅडमला फोनवर काय सांगायचं याचं पहिलं वाक्य तो मनात जुळवायला लागला.

"मंग कोनाचं हाय?"

हे त्याच्या सासूनं, बेबीताईंनी विचारलं. जावई शेतात उभा आहे हे ऐकून त्या चहाची किटली घेऊनच धावत आल्या होत्या. धम्मरत्नने सासूला सांगितलं, की नकाशावर रस्ता आहे, म्हणजे जो चालेल त्याचा.

"आमी चालतो ना," बेबीताई म्हणाल्या. पांदण गेली तेव्हापासून गवताचा भारा डोक्यावर घेऊन त्या नाल्याच्या अंगानं वळसा घालत होत्या. जगदेवची बायको तुळसाबाई दुसऱ्या बाजूनं तोच वळसा घालत होती. नाल्याच्या चढावर दोघी रोज भेटत आणि दोघी मिळून दोन्ही नवऱ्यांना काय म्हणत, हे इतकी वर्षं फक्त नाल्याला माहीत होतं. बेबीताईंनी किटली देवमनच्या हातात दिली आणि हाक मारली. "तुळसा, इळा आन गं."

"बेबे, उभं पीक हाय," देवमन म्हणाले.

"शेंगा भरल्या हायेत. हिरव्या दान्याचे सोले होतात."

मधली दगडांची ओळ धरून एक फूट इकडचं, एक फूट तिकडचं, असं दोघींनी तोडायला घेतलं. दगड दिसत नव्हते तिथं मध्य कुठं आहे ते सांगायला धम्मरत्नला बोलावलं, आणि त्यानं जराही चालढकल न करता सांगितलं. दुपारपर्यंत आणखी सहा बाया आल्या. ज्यांना वळसा पडत होता त्या आल्या, आणि ज्यांना फुकटचे सोले दिसत होते त्याही आल्या. देवमन आणि जगदेव एका बाभळीखाली बसून चहा प्यायले. एकमेकांशी बोलले नाहीत, पण कप दोघांचे एकाच किटलीतून भरले. संध्याकाळपर्यंत आठ घरी सोल्याची भाजी शिजायला लागली आणि शनिवारी मधले दगड बाजूला लोटून वाट आरपार निघाली.

रविवारी सकाळी सव्वानऊला सायकली तिथं पोचल्या. धम्मरत्नने वैजयंती मॅडमना पुढं ठेवलं होतं. तुरीच्या तोंडाशी त्यांनी ब्रेक दाबला. दोन्हीकडून तूर, मध्ये दोन फुटांची मातीची पट्टी आणि पुढं वळण. पलीकडून काय येतंय ते दिसत नव्हतं. मॅडमचा एक पाय खाली टेकला आणि तो उचलेना. धम्मरत्न मागं सायकलवरून उतरायला लागला.

तेवढ्यात वळणावरून गवताचा एक भारा आला. भाऱ्याखाली बेबीताई होत्या, मागं दुसऱ्या भाऱ्याखाली तुळसाबाई. वाट एकच होती आणि त्या काही बाजूला होणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"ताई, इकडून गाडी वगैरे येत नाही ना?" मॅडमनी विचारलं.

"नाही बाप्पा," बेबीताई भाऱ्याखालून म्हणाल्या. "आमीच येतो. सरका."

मॅडम सायकल घेऊन तुरीत सरकल्या, त्यांच्यामागचे सगळेही सरकले. भारे डुलत डुलत निघून गेले. मग मॅडमनी हँडलवर पडलेली गवताची काडी झटकली, घंटी वाजवली आणि वळणाकडे निघाल्या.