कोरी बाटली

प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने. तिचं त्याला काही म्हणणं नव्हतं. गाडीत, टेबलाखाली, अगदी घरच्या फडताळातसुद्धा तिच्या तपकिरी बाटल्या ठाण मांडून असत, तेव्हा लोकांनी तरी दुसरं काय म्हणायचं?

माणसं गोळ्या गिळतात, मलमं चोळतात, त्यातलं नदीत किती उतरतं, हे शोधणं तिचं काम. तळ्यात चिमूटभर मीठ टाकून खारटपणा हुडकावा, तसलंच ते. पण यंत्राला सापडतं. वर्षभर ती दर महिन्याला पुलाखालचं पाणी आणत होती आणि सांधेदुखीचं एक औषध त्यात चढतच चाललं होतं. आलेखाची रेघ अशी झोकात वर गेलेली, की तिचे विभागप्रमुख, म्हणजे सर, नातू झाल्यासारखे खूश. पुलाच्या वरच्या अंगाला इस्पितळ होतं, त्यात हाडांचा मोठा विभाग. मग चोर कोण, हे वेगळं सांगायला हवं? सांडपाण्याची सोय होईपर्यंत तो विभाग बंद ठेवावा, असं तिने अहवालात लिहूनही टाकलं. पुढच्या आठवड्यात तो नगरसभेपुढे मांडायचा होता, आणि त्यावरच तिची कायमची नेमणूक व्हायची होती.

आणि इथेच माशी शिंकली, तीही कोऱ्या बाटलीत.

कोरी बाटली म्हणजे शुद्ध पाण्याची. ती नदीवर न्यायची, तिथे उघडून पाणी दुसऱ्या बाटलीत ओतायचं, झाकण लावायचं, आणि परत आणून नदीच्या पाण्यासोबत तपासायचं. तिच्यात काही म्हणजे काही निघता कामा नये. निघालंच, तर ते नदीचं नव्हे, नेणाऱ्याचं पाप. नदीची बाटली बाईने भरायची आणि कोरी बाटली होडीवाल्या दादाने ओतायची, अशी त्यांची पहिल्यापासूनची वाटणी. काम चटकन उरकतं म्हणून, दुसरं काही नाही. या खेपेला दादाचं मनगट मुरगळलं होतं, म्हणून दोन्ही कामं तिनेच केली. आणि यंत्र म्हणालं, कोऱ्या बाटलीतही औषध आहे, जवळजवळ नदीइतकंच.

तिने पुन्हा तपासलं, तरी तेच. सरांनी आकडे पाहिले, चष्मा काढून बराच वेळ पुसला. माणूस वाईट नव्हता. या कामासाठी त्यांनी किती उंबरे झिजवले होते, ते तिला ठाऊक होतं.

“बाकी सगळ्या कोऱ्या बाटल्या स्वच्छ आहेत ना?” ते म्हणाले. “मग ही एक वाटेत फुटली म्हण.”

बघते, म्हणून ती निघाली. खरं सांगायचं तर तिला ते पटायलाही लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी खाटेच्या कडेला बसली होती, कपडा गुडघ्यांवर सारून. कामावर जायच्या आधी आईला मलम चोळून द्यायचं, हा लेकीचा नेम. आई विचारायची, नदीबाई काय म्हणतात आज? ही म्हणायची, बऱ्या आहेत, तुझं कसं? आई म्हणायची, ठीक आहे, तू जा. इतकं बोललं की दोघींचं बोलणं संपलं. तिने तळव्यावर मलम पिळलं आणि तिचा हात तसाच राहिला. ट्यूबवर तिच्याच आलेखातल्या औषधाचं नाव होतं. बाई, बाई, बाई. एवढी शिकलेली, आणि स्वतःच्या हाताकडे लक्ष जाऊ नये? नदीवर ती हातमोजे घालायची, पण ते ओढून चढवायची याच हातांनी, एकेक बोट चिमटीत धरून. साबणाने वास जातो, औषध सगळं जात नाही.

सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून तिने गुडघे चोळले आणि त्याच हातांनी नदी गाठली. या वेळी वाटणी उलटी. नदीची बाटली दादाने दुखऱ्या मनगटाने कशीबशी भरली, कोरी तिने ओतली. कशाला ही उलटापालट, असं तो कुरकुरला, पण ऐकलं. निकाल आला. नदीत औषध नावालाच होतं. कोऱ्या बाटलीत भरपूर.

तिने सरांना मलमाचं सगळं सांगितलं आणि म्हणाली, अहवाल मागे घेते. नेमणूक गेली, हे दोघांनाही कळत होतं. सरांनी आलेख पुढे ओढला.

“हाताला लागलेलं औषध दर महिन्याला सारखंच असणार,” ते म्हणाले. “मग ही रेघ वर का जाते?”

तिने रेघेवर बोट ठेवून एकेक महिना मागे आठवला. सुरुवातीला एकच गुडघा होता, मलम वाटाण्याएवढं. मग दोन्ही गुडघे. मग आई म्हणाली, कमरेलाही जरा लाव. थंडीनंतर तर तळवा भरून लागत होतं. हे सगळं तिने स्वतःच्या हातांनी चोळलं होतं, आणि चोळताना मनात कोण? नदी. ट्यूब लवकर संपते म्हणून ती दोन-दोन आणायला लागली होती, पण का संपते, हे एकदाही तिच्या डोक्यात आलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून.

ती तशीच घरी आली. आई शेंगा सोलत होती. आज लवकर कशी, नदीबाई बऱ्या आहेत ना, असं तिने विचारलं.

“नदी बरी आहे. तुझं सांग.”

“ठीक आहे की.”

“आई, खरं सांग.”

आईने हातातली शेंग खाली ठेवली. “नाही ग,” ती म्हणाली. “फार दुखतं. रात्र रात्र डोळा लागत नाही.”

मग का बोलली नाहीस, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही. उत्तर तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी पुलाच्या वरच्या अंगाच्या त्याच इस्पितळात, हाडांच्या विभागात बाकावर बसल्या. विभाग चालू होता. डॉक्टरांनी आईला विचारलं, दुखणं कधीपासून आहे, वाढलंय का? आईने सवयीने हात झटकला. म्हणाली, वयाचंच आहे, फार काही नाही.

लेकीने पिशवीतून आलेख काढला आणि टेबलावर उलगडून ठेवला.

“वर्षभर वाढतंय, डॉक्टर,” ती म्हणाली. “दर महिन्याचं मोजमाप आहे माझ्याकडे.”