नथूला सांगायचं

गजराबाई भोरच्या दवाखान्यात वारली, हे भाटघरला सकाळीच कळलं. दुपारपर्यंत सगळ्या पाहुण्यांना निरोप गेले. तिचा धाकटा भाऊ नथू तेवढा राहिला. तो सारोळ्याला पुलाजवळ पिऊन पडलेला असायचा. "त्याला सांगून काय उपेग?" असं सगळेच म्हणाले.

तेराव्याला तिच्या माहेरच्यांनी दुखवट्याची टोपी आणली. ती मेहुण्यानं बायको गेलेल्या दाजीच्या डोक्यावर घालायची असते. नथूच्या जागी चुलतभाऊ पुढं झाला, तसं गजराबाईच्या नवऱ्यानं, महिपतीनं डोकं मागं घेतलं.

"दाजी, त्याची वाट बघाल तर बोडकंच ऱ्हावं लागंल. वाया गेलेला माणूस त्यो."

"तुमची बहीण कधी तसं म्हणाली न्हाई," महिपती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं सारोळ्याला गेला. नथू चहाच्या टपरीवर कपबश्या विसळत होता. हात थरथरत होते, पण तोंडाला वास नव्हता.

"दाजी! आठवडा झाला, शिवलो न्हाई," तो हसून म्हणाला. "पर आक्काला आत्ताच सांगू नका. म्हैना भरू द्या. मग म्या सोता तिच्या म्होरं येऊन उभा ऱ्हातो. न्हाईतर तिला खरं वाटायचं न्हाई."

महिपतीनं चहा घेतला. आक्का गेल्याचं ऐकून त्यानं पुन्हा बाटली धरली तर?

"बरं," एवढंच म्हणून तो परतीच्या एसटीत बसला.

आता महिना भरत आला आहे. बहीण गेल्याचं नथूला सांगायचं अजून राहिलं आहे.