चार शब्द आणि नऊ घड्या

परदेशी सर्जन आठवडाभरासाठी आला होता आणि त्याला इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं. ऑपरेशन थिएटरमधल्या नव्या नर्सला इंग्रजीखेरीज सगळं येत होतं. "त्यांची एक जरी तक्रार आली, तर कायम व्हायचं विसर," असं मेट्रननं तिला बजावलं होतं. म्हणून शाळेत शिकवणाऱ्या नणंदेनं तिला स्वयंपाकघरात कोंडून चार शब्द घोकून घेतले. पळी हातात धरून 'धिस', लांबच्या डब्याकडे बोट करून 'दॅट', एकाहून जास्त असले की 'दीज' आणि 'दोज'. "एवढ्यावर निभतं गं वहिनी! बोट दाखवायचं न् बोलायचं." नणंद हुशार खरी, पण तिनं ऑपरेशन थिएटर कधी पाहिलं नव्हतं.

तिथं हातमोजे चढवले की हात छातीसमोर धरायचे, इकडेतिकडे लावायचे नाहीत. घोकंपट्टीच्या सवयीनं नर्सनं "दॅट?" म्हणत बोट लांब केलं आणि ते दिव्याच्या दांडीला लागलं. झालं! हातमोजे बदलणं आलं, सर्जननं घड्याळाकडे पाहिलं, आणि हिचं निम्मं अवसान तिथंच गळालं.

तरी ऑपरेशन नीट पार पडलं. पोट शिवायच्या आधी रक्त टिपायच्या गॉजच्या घड्या मोजायच्या असतात. दहा घेतल्या होत्या, दहा परत यायला हव्यात. तिनं मोजल्या. नऊ. पुन्हा मोजल्या. नऊच. दुसऱ्या नर्सनं बादली पाहिली, फरशी पाहिली, चादरीखाली पाहिलं.

सर्जननं सुईसाठी तळहात पुढे केला. तिनं सुई दिली नाही.

"मोजायला चुकला असाल सिस्टर, द्या हो," भूल देणारे डॉक्टर म्हणाले. "आधीच चिडलेत ते."

"सर, तुम्हीच सांगा ना त्यांना, एक कमी आहे."

डॉक्टरांनी मॉनिटरकडे तोंड फिरवलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदरांना नेहमी सगळ्यात लहानच उंदीर सापडतो.

सर्जनचा आवाज चढला. गेली नोकरी, असं तिला वाटलं. पण टेबलावर कुणाची तरी आई होती, आणि बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या दोन मुलींनी सकाळी हिचाच हात धरला होता.

"नो," ती म्हणाली. वापरलेल्या घड्यांकडे तिनं मानेनं खूण केली. "दीज... नाइन." मग उघड्या पोटाकडे पाहिलं. "दॅट... वन."

सर्जननं हात मागे घेतला आणि आतड्यांमागे बोटं सरकवून चाचपू लागला. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. रक्तानं माखलेली, ओळखूही न येणारी एक घडी त्यानं बाहेर काढून तिच्या ताटलीत ठेवली. मास्कच्या वर दिसणारा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं पुन्हा तळहात पुढे केला.

तिनं अजूनही सुई दिली नाही. मोठ्यानं, आपल्याच भाषेत, तिनं पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली, "एक, दोन, तीन..." आणि दहा होईपर्यंत सर्जन हात पुढे धरून मुकाट्यानं उभा राहिला.