रिह्यातली हजेरी

चैत्र लागला की कोंडाजी देवीवाल्याच्या अंगात कर्तव्य संचारायचं. एरवी अकरा महिने हा माणूस पौडातल्या दोन खोल्यांत पाय पसरून बसायचा. वरून कागद आला, दुसरा कागद आला, तंबीचा कागद आला, की मग कुरकुरत देवी काढायची, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचायची, पेटी खांद्याला लावायचा. चैत्रात मात्र कागद यायच्या आधीच गडी वाटेला लागलेला. आज भूगाव, परवा नांदे, तेरवा घोटवडे. पेटीत लशीच्या नळ्या, टोचायची फिरकी, स्पिरिटची बाटली आणि सगळ्यात खाली घडी घालून ठेवलेला गुलाबी फेटा.

देवी काढायला गुलाबी फेटा कशाला लागतो, हे सरकारनं कधी विचारलं नाही. त्याची बायको सारजाबाई हिला विचारायची गरज नव्हती. चैत्रात मुळशी पेट्यात रोज कुठल्या ना कुठल्या गावची जत्रा, आणि जत्रा म्हटली की तमाशा. कोंडाजी आपली फिरती जत्रांच्या तिथी बघून आखायचा. सकाळी दोन-चार पोरं टोचली की सरकार खूश. मग फेटा बांधून पाटलाच्या शेजारी मांडी ठोकायची, म्हणजे आपणही खूश.

घरी आला की दारापुढच्या अंगणात सगळा तमाशा करून दाखवायचा. सोंगाड्यासारखा वाकडा चालायचा, मावशीसारखा पदर खोचायचा. पाच वर्षांची जया टाळ्या पिटायची. सारजाबाई चुलीपुढून वाकून बघायची आणि हसायची. हसून झालं की तिला संताप यायचा. लोकांनी पंगतीत जेवावं आणि ढेकर देत घरी येऊन आपल्याला आमटीची चव सांगावी, तसलं ते हसणं. पंधरा दिवसांत चार गावं झाली, चार वेळा अंगण झालं, आणि पाचव्या वेळी तिनं तवा खाली ठेवला.

"मला न्या की एकदा."

"कुटं?"

"तमाशाला."

कोंडाजीनं खोचलेला पदर सोडला. "येडी का खुळी? घरंदाज बाई तमाशाला जातीया व्हय?"

"आन घरंदाज बाप्या?"

"त्ये येगळं."

वेगळं म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नाही. कुणीच सांगत नाही. फडात नाचणारी बाई चालते, तिच्याकडं बघणारी बाई चालत नाही. आणि हा नियम ज्यांनी केला ते सगळे पहिल्या रांगेत बसलेले असतात, पायाशी पानाचा डबा घेऊन.

"माझं एवढंच हाय," सारजाबाई म्हणाली. "येक डाव माझ्या डोळ्यांनी बघायचंय. तुमच्या न्हाई. ह्याच चैत्रात."

"बरं बरं," कोंडाजी म्हणाला. मराठी नवऱ्याच्या तोंडी या दोन शब्दांचा अर्थ 'मुळीच नाही' असा होतो.

त्याच आठवड्यात वरून कागद आला. रिह्यात चाळीस पोरं टोचायची राहिली आहेत. साहेब पुढच्या आठवड्यात जातीनं रिह्याला येऊन एकेक दंड बघतील. दंडावर फोड दिसले नाहीत तर बदली, थेट घाटाखाली. कागद वाचून कोंडाजीनं आधी तिथी पाहिली. रिह्याच्या देवीची जत्रा तीन दिवसांवर होती. त्याचा चेहरा असा खुलला, जसा काही साहेबानं त्याच्यासाठीच मुहूर्त काढला होता.

रिहे म्हणजे सारजाबाईचं माहेर. गावचा पाटील हैबतराव तिचा सख्खा चुलता. जत्रेला माहेरवाशीण जायचीच, म्हणून तिघंही जत्रेच्या दिवशी सकाळीच निघाली. कोंडाजी पुढं पेटी घेऊन, मागं जयाचा हात धरून सारजाबाई. जावई येतोय म्हणून हैबततात्यानं वेशीपर्यंत माणूस पाठवला. त्या माणसानं जावयाच्या खांद्यावरची पेटी पाहिली आणि मानाची गोष्ट विसरून तो उलट पावली पळत सुटला.

"आला रं आला! देवीवाला आला!"

घटकेत गाव निपुत्रिक झालं. रस्त्यावर एक पोर दिसेना. कोंडाजी ज्या दारात जाईल तिथून एकच उत्तर. "पोरं मामाच्या गावाला गेल्याती." आणि आत भाताच्या कणगीतून कुणाला तरी शिंक यायची.

हैबतराव मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "पाव्हणं, तुमी जावई, तुमचा मान हाय. पन बायका ऐकायच्या न्हाईत. आईच्या जत्रंत देवी काढायच्या म्हंजी आईच्या दारात जाऊन आईचीच खोडी. कोप झाला तर?"

कोंडाजी दुपारपर्यंत बारा दारं फिरला आणि एकच दंड टोचून आला. तोही एका म्हाताऱ्याचा, ज्याला वाटलं की यानं गुडघेदुखी जाते.

सारजाबाई तोवर चुलतीच्या, गोजराबाईच्या, स्वयंपाकघरात होती. तिथं पाच चुली पेटल्या होत्या आणि आठ बायका परातींना भिडल्या होत्या. हैबतरावाकडं दुसऱ्या दिवशी तीस पाव्हणं जेवायला यायचं होतं, म्हणजे बायकांची जत्रा आदल्या दिवशीच सुरू झाली होती. धूर असा, की कोण सून आणि कोण सासू ते खोकल्यावरून ओळखायचं.

"काकी, देवी खरंच कोपती का गं?" सारजाबाईनं पीठ मळता मळता विचारलं.

गोजराबाईनं भाकरी उलटली. "तुझ्या दंडाला दोन वण हायेत. कोपली का?"

"मग पोरं कणगीत का घातलीत?"

आठही बायका हात थांबवून तिच्याकडं बघायला लागल्या. शेवटी गोजराबाईच बोलली. "तुझा नवरा येतो कवा? जत्रंतच. घरात तीस माणूस, चुलीवर डेग, आन त्यो पोरगं टोचून मोकळा. पोरगं आठ दिस तापानं फणफणतंय. काखेला कोण मारतंय? तुझा नवरा? का माझा? हे फेटं बांधून फडात बसत्यात. 'आमाला सवड न्हाई' म्हटलं तर ऐकत्यात व्हय बाप्ये? देवीचं नाव घेतलं की गप बसत्यात."

एक सून चुलीत फुंकर घालत म्हणाली, "देवी बिचारी. समद्यांचं खापर तिच्याच डोक्यावर."

सारजाबाई हसली, पण हात थांबले नाहीत. पीठ मळता मळता तिच्या डोक्यात दुसरंच काही मळून होत होतं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाचा फड हजेरीचा खेळ देतो. रात्रीचा खेळ पैसेवाल्यांचा, पण हजेरी गावासाठी. भर उजेडात, देवळापुढच्या पटांगणात. देवळाला लागून उंच पार. पारावरून सगळं दिसतं.

"काकी, तू तमाशा बघितलाईस का गं?"

"मी?" गोजराबाई म्हणाली. "पाटलीण मी. चाळीस वर्सं आईकतिया ढोलकी. ह्या भिताडाच्या आडून."

"आन तुमी गं?"

आठच्या आठ जणींनी नकाराच्या माना हलवल्या. मग सारजाबाईनं त्यांना मनातलं सांगितलं, हात धुतले आणि ती बाहेर आली. ओसरीवर कोंडाजी डोक्याला हात लावून बसला होता, शेजारी हैबतराव त्याला सुपारी कातरून देत होता.

"जयाचं बापू, चाळीस दंड उद्या तांबडं फुटायला पारावर येतील," ती म्हणाली.

कोंडाजी उठून उभाच राहिला. "खरं?"

"खरं. पन बाया पोरं टोचून घेतील आन तितंच पारावर बसतील. हजेरी व्हईस्तवर. टोचलेली पोरं ज्याची त्याच्या बापानं सांभाळायची."

हैबतरावाच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला. "सारजे! बायका तमाशाला? गावाची अब्रू हाय का न्हाई?"

"तात्या, तमाशा बघून अब्रू जाती ना? मग तुमची कवाच गेली. तुमी तर पहिल्या रांगंत बसता."

"तोंड लई चालतंय तुझं."

"माहेरी न्हाई चालवायचं तर कुटं चालवायचं?"

हैबतरावानं जावयाकडं पाहिलं. बायकोला आवरा, असं त्याचे डोळे सांगत होते. कोंडाजीच्या डोळ्यांपुढं घाटाखालचा पाऊस आणि जळवा होत्या. तो घसा खाकरून म्हणाला, "तात्या, तसं बघितलं तर... हजेरी दिवसाची असती."

"दिवसाची असती म्हंजी?"

"म्हंजी... रातीची नसती."

एवढं ठाम बोलून तो खाली बसला. आतून गोजराबाईचा आवाज आला, शांत, पण पातेल्यावर झाकण आपटल्यासारखा. "उद्याच्या तीस पाव्हण्यांचं जेवान कोन रांधनार हाय, त्ये बी ठरवा म्हनावं. आमाला सवड न्हाई."

हैबतरावानं पाटीलकी केली होती, लढाया केल्या नव्हत्या. चुली बंद पडायच्या नावानं त्याच्यातला पाटील निवाला. "पारावरच," तो पुटपुटला. "खाली उतरायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला कणग्या रिकाम्या झाल्या. कोंडाजीची फिरकी अशी फिरली की बोटाला फोड आले. एक्केचाळिसावी जया निघाली. बापाच्या तावडीतून ती पाच वर्षं सुटलेली, आईनंच धरून आणली. ऊन पटांगणात आलं तेव्हा पारावर पदरांची रांग बसली होती, आणि खाली, फेटे बांधलेल्या रिह्याच्या तमाम कर्त्या पुरुषांच्या मांडीवर एकेक लेकरू होतं. काहींच्या दोन. हैबतरावाच्या मांडीवर त्याचा तीन वर्षांचा नातू होता आणि तो फेट्याचा शेमला चघळत होता.

ढोलकीवर थाप पडली. चाळीस पोरं एकदम दचकली आणि चाळीस गळे एकदम उघडले.

सोंगाडी नबीलाल आत आला. आयुष्यात त्यानं कितीतरी हजेऱ्या दिल्या होत्या, पण असली नाही. तो पटांगणाच्या मधोमध थबकला. एकदा पारावर बघितलं, एकदा खाली. कमरेवर हात ठेवले.

"मावशे," तो म्हणाला, "आपण तमाशाला आलोय का बारशाला?"

लुगडं नेसलेला मावशीचा गडी मागून आला आणि सरळ हैबतरावापुढं फतकल मारून बसला. "बया बया! पाटील, कितवं हो हे? जपून बसा गं बाई. अंगावर वारं घेऊ नगा. खारीक-खोबरं मिळतंय का न्हाई?"

पारावरून हसण्याचा असा लोट आला की देवळावरची कबुतरं उडाली. गोजराबाई, चाळीस वर्षं पाटलीणपण सांभाळलेली, तोंडाला पदर लावायचा विसरली. हैबतराव उठायला गेला, पण नातू रडायला लागला आणि तो परत बसला. उठून जाणार तरी कुठं? घरी चूल थंड, पोर गरम.

मग नाचणारी आली. सारजाबाई पुढं सरकली. तिला वाटलं होतं, काही तरी भलतंच असेल, ज्यानं घरंदाज बाई बिघडते. होती एक बाई. तिच्याच वयाची, साडीचा काठ दोन ठिकाणी जोडलेला, टाचा भेगाळलेल्या. पारावर बायका बघून तिचं पाऊल क्षणभर अडलं, घुंगरं गप्प झाली. मग तिनं दौलतजाद्याचे पैसे देणाऱ्या फेट्यांकडं पाठ केली आणि पहिली गवळण पाराकडं तोंड करून म्हटली. आवाज असा, की पारावरच्या, भाकरी थापणाऱ्या हातांना ताल धरावा लागला. सोंगाड्यानं बाजाराला निघालेल्या गवळणीची वाट अडवली तेव्हा एका सुनेनं पारावरून ओरडून सांगितलं, "मडकं फोड त्याच्या टाळक्यात!" आणि नाचणारीनं खरंच फोडल्यागत केलं.

सारजाबाई हसता हसता रडली. डोळे पुसायलाही तिला वेळ नव्हता, तेवढ्यात काही तरी निसटलं असतं.

खाली कोंडाजीला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. जया त्याच्या कानाशी भोकाड पसरून बसली होती. शिवाय शेजारच्यानं धार मारायला जाताना आपलंही एक त्याच्याच मांडीवर ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिघं पौडाच्या वाटेला लागली. अर्ध्या वाटेवर आंब्याखाली सात-आठ बायका काखेला पोरं मारून उभ्या होत्या. त्यांच्यातली एक पुढं आली. तिनं कोंडाजीकडं बघितलंसुद्धा नाही.

"रिह्याची लेक तूच का गं? देवीवाल्याची?"

"व्हय. का?"

"आमी अंबडवेटच्या. आमच्यात परवा हजेरी हाय." तिनं काखेतल्या पोराची बाही वर सरकवून दंड पुढं केला. "आमचा पाटील लई ताठ हाय बाई. पन पोरं हायेत साठ."

सारजाबाईनं नवऱ्याकडं वळून पाहिलं. त्यानं पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, वाटेकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं.

"त्ये येगळं," तो कसाबसा म्हणाला.

"बरं बरं," सारजाबाई म्हणाली, आणि अंबडवेटच्या वाटेला लागली.