अकरा डुकरं आणि शून्य आजारी

गुरुवारी सकाळी शाळेच्या दारात जत्रा भरली होती. बाया रांगेने पुढे सरकत होत्या आणि भिंतीवरच्या एका काचेला ओठ टेकवत होत्या. काचेआड ना देव होता, ना संत. तिथे होता महिन्याच्या गैरहजेरीचा तक्ता. रकाने तीन: आजारपण, घरगुती कारण, विनाकारण. पहिल्या रकान्यात लाल शाईचं भलंमोठं शून्य. ओठ टेकत होते ते त्या शून्यालाच.

मी शाळेची बस चालवतो. सातवीपर्यंत शिकलो, पुढचं माझं मी वाचलं. गोड बोलायला कुणी शिकवलं नाही.

त्सोनो नावाचा इसम सप्टेंबरात आमच्या दोल्नो येझेरो गावात उतरला. शाळेच्या व्हरांड्यात तांब्याची कढई मांडली, पाण्यात रानजिरेनियमच्या झुडपाची पानं टाकली. मुलांना रोज एक पेला, आयांना विकत बाटल्या. हे प्यालं की पोर आजारीच पडत नाही, असं सांगायचा.

"पाणी ऐकतं, बायांनो!" त्या गुरुवारीही कढईवर हात फिरवत तो ओरडत होता. "तुम्ही 'आजार' म्हणालात की ते घाबरतं. कागदावर लिहिलंत की मरतं! एका आईनं जरी तो शब्द शाळेत आणला, तरी साऱ्या पोरांचं पाणी मेलं समजा!"

"त्याला वाचता पण येतं का हो?" मी बसच्या दारातून विचारलं.

"तुझ्या डिझेलला येतं का, ड्रायव्हर?"

लोक खदखदून हसले. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून टोचतं. कारण माझ्या बसमध्ये तेवीस सीटा आहेत, आणि ऑक्टोबरपासून रोज सहा-सात रिकाम्या जात होत्या. मला दिसत होतं. मुख्याध्यापिका पातेवाबाईंना सांगून पाहिलं.

"जिल्ह्याहून शाबासकी आलीय, काका," त्या म्हणाल्या. "मुलं कमी म्हणून शाळा बंद करायला निघाले होते. आता पेपरवाले येतायत. तुम्ही गाडी चालवा."

मी गाडी चालवली.

एल्का आठ वर्षांची. बरोबर माझ्या मागे बसायची आणि वाटेतली करकोच्यांची रिकामी घरटी मोजायची. ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर आली नाही. मग आली, पण घरटी मोजेना. नोव्हेंबरच्या मध्यावर पुन्हा चार दिवस गायब. पाचव्या दिवशी पोरांना शाळेत सोडलं आणि बस तिच्या फाटकाशी नेली. तिची आई स्तांका बाहेर आली.

"एल्का कुठाय?"

"घरीच. डुक्कर कापलं आम्ही, मदतीला ठेवून घेतली."

"नोव्हेंबरात? डुक्कर ख्रिसमसला कापतात, त्याला अजून महिना आहे. आणि स्तांका, तुझ्याकडे डुक्कर कधीपासून?"

तिनं मान खाली घातली. "काका, आधी घसा सुजला होता. आता गुडघे सुजलेत, उभी राहत नाही. ताप उतरत नाही."

"मग डॉक्टर?"

"दाखल्यावर तोच शब्द लिहितात ना! माझ्यामुळे सगळ्यांच्या पोरांचं पाणी मेलं तर? गाव मला जगू देईल?"

पोरीला उचललं, बसमध्ये घातलं आणि तालुक्याचं इस्पितळ गाठलं. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ छातीला नळी लावली. "घशाचं दुखणं सांध्यांत उतरलंय. हृदयातही. घसा दुखला तेव्हाच आणली असती, तर दहा दिवसांच्या गोळ्यांचं काम होतं."

त्या रात्री मी एल्काच्या वर्गशिक्षिका बिस्त्राबाई कोएवा यांचं दार वाजवलं. त्यांनी सगळं ऐकलं. कपाटातून आयांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि वाचत बसल्या.

पुढच्या गुरुवारी पुन्हा रांग लागली. बिस्त्राबाई गठ्ठा आणि हजेरीची वही घेऊन पायरीवर उभ्या राहिल्या.

"दोन महिन्यांतल्या चिठ्ठ्या आहेत. 'डुक्कर कापलं' म्हणून घरी राहिलेली मुलं एकेचाळीस. गावात डुकरं किती?"

"अकरा," मागून कुणीतरी म्हणालं. "आणि अकराही जिवंत आहेत!"

"आणि या चिठ्ठ्यांत नेदकोची आजी तीनदा वारली," बाई म्हणाल्या.

"मी?" रांगेतली म्हातारी बाटलीसकट किंचाळली. "अगं, मी इथं उभी आहे!"

हसू पसरलं, पण बाईंच्या तोंडाकडे बघून विरलं.

"आजारपणाची नोंद करायची तर डॉक्टरचा दाखला लागतो. घरगुती कारणाला आईची चिठ्ठी पुरते. गेल्या वर्षी याच दोन महिन्यांत आजारपणाचे दिवस दोनशे बारा, घरगुती नऊ. यंदा आजारपण शून्य, घरगुती दोनशे तीस. मुलं पूर्वीइतकीच आजारी पडली. यानं तुमच्या तोंडातला शब्द काढून घेतला, तुम्ही चिठ्ठी बदललीत, मी रकाना बदलला. चमत्कार कढईत नव्हता, माझ्या वहीत होता. प्रत्येक चिठ्ठीवर सही माझी आहे."

"बाईनं शब्द उच्चारला!" त्सोनो ओरडला. "पाणी मेलं!"

कुणी हललं नाही. मग स्तांका पुढे झाली. इस्पितळाचा दाखला तिनं बाईंच्या हातात दिला.

"बाई, लिहा."

बाईंनी वही गुडघ्यावर टेकवली आणि पहिल्या रकान्यात एल्काचं नाव लिहिलं. दुपारपर्यंत आणखी चौदा आया चिठ्ठ्या बदलायला आल्या.

त्सोनोला कढईसकट स्टेशनवर मीच सोडलं. तो आता पलीकडच्या खोऱ्यात आहे म्हणतात. तिथेही शाळा आहे, तिथेही तीन रकाने आहेत. मी दमलोय, पण एवढं सांगतो: शून्य दिसलं की ओठ टेकवू नका, शेजारचा रकाना वाचा. पोर आजारी असेल तर आजारी म्हणा, आजारी लिहा, आणि आधी डॉक्टरकडे न्या. शब्दानं कुणी मरत नाही. तो लपवल्यानं मरायची वेळ येते.

एल्का परत आली. दर महिन्याला इंजेक्शन घेते. पळायला बंदी आहे, चढावर दम लागतो. म्हणून बस मी तिच्या फाटकापर्यंत नेतो. रस्ता अरुंद आहे, आरसे घासतात. नेतो.