माणसाच्या चालीनं

"उशीला पेट्रोलचा वास येतो, इरासी. उशीला! काल तर प्यायच्या सूपलाही आला. नवरा आहे का पंप, तेच कळेनासं झालंय मला."

दोना झेलिया अगदी कानाशी वाकून पुटपुटत होत्या. इरासीच्या दुसऱ्या कानात रबरी नळीचं टोक होतं आणि नळीचं दुसरं टोक डाव्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. तिथून आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा फुत्कार एका कानात, बाईंचा दुसऱ्यात. इरासीला हसू आलं.

"काय म्हणतेय ती?" पुढून, स्टिअरिंगमागून, त्यांच्या नवऱ्यानं, सेउ अमारोंनी, ओरडून विचारलं.

"तुमचं कौतुक चाललंय."

"मग दुसऱ्या कुणा अमारोचं असेल!"

मोहरीच्या फुलांच्या रंगाची ती जुनी ब्राझीलिया गाडी. इंजिन मागच्या बाजूला, त्याच्या दोन अंगांना दोन कार्ब्युरेटर, आणि दोघांना बांधून ठेवणारा एक दांडा. इरासीनं तो दांडा सोडवून बाजूला ठेवला होता. आधी दोघांना आपापलं जगता आलं पाहिजे, मग जोडायचं. हे तिला सेउ अमारोंनीच शिकवलं होतं. नळी डावीकडे, नळी उजवीकडे, पुन्हा डावीकडे. स्क्रू जरासा आत, जरासा बाहेर. फुत्कार कुठला कुणाचा हे ओळखू येईनासं होईपर्यंत.

रविवारी संत ख्रिस्तोफरची मिरवणूक होती. गाडीवाल्यांचा संत. पुढे बँड, मागे गावातले सगळे ट्रक आणि मोटारी, आणि मध्ये या गाडीच्या टपावर संतांची मूर्ती. देवळापर्यंतचा दगडी चढ माणसाच्या चालीनं चढायचा. धावणारी गाडी कुणीही तयार करतं, सेउ अमारो म्हणायचे, इतकं हळू चालून न थांबणारी करून दाखवा. त्यांनी ती वर्षानुवर्षं करून दाखवली होती आणि चालवूनही.

गेल्या वर्षी मात्र चढाच्या मध्यावर गाडीनं आचका दिला आणि ती थांबली. बँड थांबला. संत टपावर डोलले. तरण्या पोरांनी मागून ढकलत गाडी वर नेली. "कार्ब्युरेटर," पाद्री म्हणाले. "कार्ब्युरेटरच," बेकरीवाला म्हणाला. गावात एवढे मेकॅनिक आहेत हे इरासीला त्या दिवशी कळलं. तिनं स्वतः दुसऱ्या दिवशी दोन्ही कार्ब्युरेटर उघडून पाहिले होते. काय आढळलं, ते मात्र कुणी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

इंजिन बंद करून सेउ अमारो कॉफीसाठी उतरले. डाव्या पायातली चप्पल दाराशीच राहिली. इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा; गारठलेल्या खडीवरून ते तसेच, एका अनवाणी पायानं, बोलत बोलत मागे आले.

"दोन कार्ब्युरेटर म्हणजे एका चुलीवर दोन सासवा, इरासी. एकीला लोणी लावलं की दुसरी रुसते."

"तुम्हाला एकच सासू होती, आणि तीही तुम्हाला घाबरायची," दोना झेलिया म्हणाल्या. तोवर त्यांनी चप्पल उचलून आणली होती. पदपथावरचा कचरा सारावा तशी ती त्यांच्यापुढे सारली. सेउ अमारोंनी खाली बघून, नेम धरून, पाय आत घातला. कप रिकामा केला आणि ते पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले.

इरासी दांडा जोडू लागली. दोना झेलिया पुन्हा वाकल्या. आता त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती.

"राहू दे ना थोडं काहीतरी बिघडलेलं. एखादा स्क्रू. गाडीच चालली नाही तर संत नगरपालिकेच्या पिकअपवर जातील आणि यांना कुणी काही बोलायला नको."

इरासीनं दांड्याचा शेवटचा नट आवळला.

"मारा किल्ली!" तिनं हाक दिली.

इंजिन सुरू झालं. तिनं इतकं नेटकं काम याआधी कधी केलं नव्हतं. घोटलेल्या रेशमासारखा एकच आवाज. त्यात डावं-उजवं शोधून सापडलं नसतं. ती थोडा वेळ नुसती ऐकत राहिली. मग उजवीकडचा स्क्रू अर्धा फेरा आत घातला. आवाजावर सावली पडली, इतकी पुसट की पाद्रींना, बेकरीवाल्याला, अख्ख्या मिरवणुकीला कळली नसती. चढावर गाडी बंद पडायला तेवढी पुरे होती. तिनं झाकण लावायला घेतलं.

"उजव्याला उपाशी ठेवलंस," पुढून आवाज आला.

"ठीक आहे की."

"पोरी, हा आवाज मी झोपेतही ओळखेन. अर्धा फेरा बाहेर घे."

तिनं दोना झेलियांकडे पाहिलं नाही. अर्धा फेरा बाहेर घेतला. इंजिन पुन्हा रेशमावर आलं. सेउ अमारो मान तिरकी करून ऐकत राहिले, आवडत्या माणसाचं बोलणं ऐकावं तसे. मग त्यांनी किल्ली फिरवली.

शांततेत तापलेलं लोखंड टिकटिकत राहिलं.

"तुझ्या हातून असं होत नाही, इरासी."

ती फडक्याला हात पुसत राहिली.

"पाव आणू का गरम?" दोना झेलियांनी विचारलं. कुणाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

सेउ अमारोंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"गेल्या वर्षीही हे दोन्ही कार्ब्युरेटर असेच एका सुरात होते, झेलिया. गाडी बंद पडली नव्हती. मी पाडली. क्लचवर पाय आहे की नाही, हेच मला आता कळत नाही."